मानेची नस ७० टक्के बंद: गोळ्या, ऑपरेशन की स्टेंट?

डॉपलरच्या (मानेच्या नसांची सोनोग्राफी) रिपोर्टवर ७० टक्के हा आकडा दिसला की घरात ‘स्टेंट की ऑपरेशन’ हीच चर्चा सुरू होते. त्याआधी ठरवायचं ते हे, की या नसेनं आजवर काही त्रास दिलाय का? चक्कर यात धरायची नाही. नुसत्या चक्करीमागे कॅरोटिड, म्हणजे मेंदूला रक्त नेणारी ही मानेची नस, क्वचितच असते. एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, वाचा जाणं, एका डोळ्यापुढे पडदा सरकणं हा खरा त्रास, मग तो दहा मिनिटांत ओसरला तरी. डावी नस असेल तर उजवा हात जातो, पण डोळा मात्र डावाच.

गेल्या सहा महिन्यांत असं झालं असेल तर नुसत्या गोळ्या कमी पडतात. १९९१ च्या नॅसेट अभ्यासात नस ७० ते ९९ टक्के अरुंद असलेल्यांपैकी, केवळ औषधांवर असणाऱ्या २६ टक्क्यांना दोन वर्षांत त्याच बाजूचा मेंदूचा झटका (स्ट्रोक) आला. ऑपरेशन झालेल्यांत ९ टक्क्यांना. तेव्हाची औषधं आजच्याइतकी चांगली नव्हती, तरी फरक मोठा आहे. इथे घाई हवी, शक्यतो दोन आठवड्यांच्या आत.

ऑपरेशनमध्ये मानेवर चीर देऊन नसेत साचलेला चरबीचा थर काढतात. स्टेंट बहुधा जांघेतून जातो. २०१० च्या क्रेस्ट अभ्यासात उपचारादरम्यानचा झटका स्टेंटनंतर ४.१ टक्के, ऑपरेशननंतर २.३, हार्ट अटॅक उलट, १.१ आणि २.३. सत्तरीपुढे माझा कौल ऑपरेशनला. उतारवयात नसा वळणदार आणि कडक होतात, तार नेताना थराचा कण सुटून मेंदूत जाऊ शकतो. मात्र घशाच्या कॅन्सरसाठी मानेला रेडिएशन झालं असेल किंवा हृदय फार कमजोर असेल तर स्टेंट बरा. ऑपरेशनमध्ये मज्जातंतू दुखावून आवाज घोगरा होऊ शकतो, तो बहुधा सुधारतो. स्टेंटनंतर किमान चार आठवडे रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या लागतात. म्हणून दुसरं एखादं ऑपरेशन ठरलेलं असेल तर आधीच सांगा.

त्रास झालेलाच नसेल तर विचाराला वेळ आहे. २०२५ मध्ये आलेल्या क्रेस्ट-२ मध्ये चार वर्षांत झटका किंवा सुरुवातीच्या काळातला मृत्यू, औषधांवर ६ टक्के आणि स्टेंट व औषधांवर २.८ टक्के होता. ऑपरेशनच्या गटात नुसत्या औषधांवर ५.३ विरुद्ध ऑपरेशन व औषधांवर ३.७, पण हा फरक ठामपणे सिद्ध झाला नाही. म्हणजे गोळ्यांवरचेही शंभरातले ९४ जण ठीक राहिले. पण तिथे गोळ्या म्हणजे एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७० च्या खाली, वरचं बीपी १३० च्या खाली आणि तंबाखू बंद. हे पाळणार नसाल तर तो आकडा तुमचा नाही.

डॉपलर स्वस्त, पण करणाऱ्याच्या हातावर अवलंबून. निर्णयाआधी सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीनं खात्री करा. सीटीसाठी शिरेत डाय सोडतात, त्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) बघतात. नस पूर्ण १०० टक्के बंद असेल तर सहसा ती उघडत नाहीत.

सर्जनना एक प्रश्न बेधडक विचारा: तुमच्या हातून झालेल्या केसेसमध्ये झटका किंवा मृत्यू किती? त्रास झालेल्यांत ६ टक्क्यांपेक्षा, न झालेल्यांत ३ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर दुसरीकडे दाखवा.