नमुना कधी घेतला? साथीच्या काळातील एका प्रवास-चाचणी सेवेचे परीक्षण

डिसेंबर २०२१ आणि एप्रिल २०२२ मध्ये केलेल्या अमेरिकेच्या दोन प्रवासांसाठी मी एका खासगी सेवेची मदत घेतली. कोविडची चाचणी करणारी प्रयोगशाळा आणि परदेश प्रवासाची कागदपत्रे तपासून देणारा कक्ष असे तिचे दुहेरी स्वरूप होते. पहिल्या प्रवासात माझ्याबरोबर आई होती. बहिणीचे बाळंतपण जवळ आले होते आणि तारीख पुढे ढकलायला वाव नव्हता. दुसऱ्या वेळी आईला परत आणण्यासाठी मी एकटाच गेलो. या सेवेने आमचा पहिला प्रवास वाचवला, आणि त्याच प्रवासात तिच्याच चुकीमुळे आम्ही चेक-इन काउंटरवर अडकलोही. या दोन्ही गोष्टी नीट सांगितल्याशिवाय तिच्याविषयी न्याय्य मत देता येणार नाही.

चाचणी करून देणाऱ्या प्रयोगशाळांना त्या काळात तोटा नव्हता. अवघड होते ते नियम वाचणे. कॅनडाने ७ जानेवारी २०२१ पासून ७२ तासांच्या आतील अहवालाची अट घातली. हे तास विमान सुटण्याच्या नियोजित वेळेपासून मागे मोजायचे होते आणि त्या वेळी अँटिजेन चाचणी (विषाणूतील प्रथिने ओळखणारी झटपट चाचणी) तेथे ग्राह्य नव्हती. अमेरिकेचा नियम २६ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. तो तीन दिवसांचा होता, पण हे दिवस कॅलेंडरचे होते, म्हणजे घड्याळातील तासाला महत्त्व नव्हते आणि अँटिजेन चाचणीही चालत होती. ७२ तास आणि तीन दिवस हे शब्द बोलताना आपण एकाच अर्थाने वापरतो. नियमात मात्र त्यांत जवळजवळ एका दिवसाचा फरक पडू शकतो. त्यातच, प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत नेण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येत असल्यामुळे काउंटरवरील कर्मचारी कागदातील प्रत्येक ओळ तपासतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा कक्षातील बाईंनी चाचणीचा विषयच काढला नाही. आधी दोघांचे पासपोर्ट, तिकिटे आणि लसीकरणाची प्रमाणपत्रे मागून घेतली, ती टेबलावर एकाखाली एक मांडली आणि प्रत्येक नाव बोट ठेवून वाचले. आईच्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात दोन शब्द आहेत, तर लसीच्या प्रमाणपत्रावर त्यांपैकी एकच होता. "काकू, अहवालावर नाव पासपोर्टप्रमाणेच येईल, पण हे प्रमाणपत्रही आजच दुरुस्तीला टाका," असे त्यांनी सांगितले आणि दुरुस्तीचा अर्ज तिथेच भरून दिला. अमेरिकेने ८ नोव्हेंबर २०२१ पासून, तेथील नागरिक नसलेल्या प्रवाशांना लसीकरण पूर्ण झाल्याचा पुरावा बंधनकारक केला होता आणि शेवटच्या डोसनंतर चौदा दिवस उलटलेले असणे आवश्यक होते. ते दिवसही त्यांनी मोजले. विमान कंपनीला द्यावयाचे प्रतिज्ञापत्र प्रत्येक प्रवाशाचे वेगळे लागत होते, हे आम्हाला ठाऊकच नव्हते.

मग त्यांनी तिकिटावरची वेळ पाहिली. विमान मध्यरात्रीनंतर १ वाजून ४० मिनिटांनी होते. घरात सगळेच "आठ तारखेच्या रात्री निघायचे" असे म्हणत होते आणि मनात सगळा हिशेब आठ तारखेवरून चालला होता. बाईंनी तिकिटाच्या प्रतीवर लाल पेनाने मोठ्या अक्षरांत "उड्डाण : ९ डिसेंबर" असे लिहिले. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर (आरक्षण क्रमांकावर) आहेत का आणि मधला थांबा चोवीस तासांपेक्षा कमी आहे का, हेही त्यांनी विचारले. तसे असेल तरच चाचणीचा दिवस पहिल्या उड्डाणापासून मोजता येत होता. तिकिटे वेगवेगळी काढलेली असती, तर तो अमेरिकेत उतरणाऱ्या विमानावरून मोजावा लागला असता. हा तपशील मी स्वतः नियम वाचूनही माझ्या नजरेतून निसटला होता. इतके सगळे झाल्यावर चाचणीसाठी ६ डिसेंबरची वेळ ठरली.

पुढे २ डिसेंबरला अमेरिकेने जाहीर केले की ६ डिसेंबरपासून तीन दिवसांऐवजी एकाच दिवसाची मुदत राहील. ओमायक्रॉनची बातमी येऊन जेमतेम आठवडा झाला होता. आम्ही बातमी ऐकली होती, पण नवा नियम आपल्या उड्डाणालाही लागू होणार आहे, हे घाईगडबडीत लक्षात आले नाही. ३ तारखेला सकाळी या सेवेकडून आपणहून फोन आला की सहा तारखेची चाचणी रद्द करून आठ तारखेला सकाळी साडेसातला या, अहवाल संध्याकाळपर्यंत हातात देतो. उड्डाण नऊ तारखेचे असल्यामुळे आठ तारखेला कोणत्याही वेळी घेतलेला नमुना चालणार होता. घरातल्या हिशेबाने आम्ही सात तारखेला चाचणी केली असती, तर तो अहवाल काउंटरवर निरुपयोगी ठरला असता. या एका फोनसाठी मी या सेवेचा मनापासून ऋणी आहे.

तक्रार आहे ती अहवालाच्या छपाईबद्दल. काउंटरवरील कर्मचारी मुलीने आईचा अहवाल हातात घेतला आणि वरच्या चौकटीवर बोट फिरवत ती थांबली. चौकटीत दोनच तारखा होत्या : नोंदणी ०३/१२/२०२१ आणि अहवाल ०८/१२/२०२१. फोनवर वेळ बदलली त्या दिवशीच आमची नव्याने नोंदणी झाली होती, म्हणून वरची तारीख तीन डिसेंबरची होती. "नमुना कधी घेतला, ते यात कुठे आहे?" असे तिने विचारले. ते कुठेच नव्हते. अमेरिकेच्या नियमात चाचणीचा प्रकार, प्रयोगशाळेचे नाव, नमुना घेतल्याची तारीख, प्रवाशाची ओळख पटवणारा मजकूर आणि निकाल, एवढ्या गोष्टी अहवालावर असणे स्पष्टपणे आवश्यक होते. ज्या सेवेने आमच्या नावातील एक शब्दही सुटू दिला नाही, तिच्याच अहवालात ही तारीख नसावी, याचे मला फार वाईट वाटले. शिवाय अमेरिकेत महिना आधी लिहितात, त्यामुळे ०८/१२ ही तारीख तिकडे बारा ऑगस्ट अशी वाचली जाण्याची शक्यता होती. अहवालावरचा क्यूआर कोड उघडला, तर त्यातही तोच कागद आला.

आम्हाला बाजूला उभे राहायला सांगण्यात आले. रात्रीचे पावणेअकरा वाजले होते. सामानाच्या ट्रॉलीच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून आई एक शब्दही न बोलता उभी होती. सेवेचा रात्रीचा फोन लागला, पलीकडच्या माणसाने वाद न घालता चूक मान्य केली आणि अकरा वाजून वीस मिनिटांनी दोघांचे सुधारित अहवाल ईमेलवर आले. त्यांत नमुन्याची तारीख आणि वेळ होती आणि महिना अंकांऐवजी अक्षरांत छापला होता. पस्तीस मिनिटांत चूक दुरुस्त झाली, हे खरे. पण ज्यांच्याकडे ईमेल उघडण्याची सोय नाही किंवा जे विमानतळावर उशिरा पोहोचतात, अशांचे त्या रात्री काय झाले असते, हा प्रश्न मी दुसऱ्या दिवशी त्यांना लेखी विचारला. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून लागू केलेल्या डिजिटल कोविड प्रमाणपत्रात माहितीचे रकाने ठरलेले होते आणि कोडमध्येच डिजिटल स्वाक्षरी असल्यामुळे तपासणाऱ्याला कागदाचा अर्थ लावावा लागत नव्हता. खासगी प्रयोगशाळांच्या अहवालांना असा एकच साचा नव्हता, म्हणून तर त्यांच्या छपाईत अधिक काळजी हवी होती.

दुसऱ्या प्रवासाच्या वेळी प्रश्न निराळा होता. २६ जानेवारी २०२२ रोजी माझी चाचणी पॉझिटिव्ह आली होती आणि प्रवास १२ एप्रिलला होता. आरटी-पीसीआर चाचणी विषाणूच्या आरएनएचे अगदी थोडे अवशेषही टिपते, त्यामुळे माणूस बरा होऊन कित्येक आठवडे उलटले तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. याच बाईंनी मला महागड्या आरटी-पीसीआरऐवजी अँटिजेन चाचणी करायला सांगितले, कारण अमेरिकेला तीही मान्य होती. स्वतःचे उत्पन्न कमी करणारा सल्ला इतक्या सहज देणारी सेवा मला त्या काळात दुसरी भेटली नाही. घरच्या किटवर देखरेखीशिवाय केलेली चाचणी मात्र चालणार नाही, हेही त्यांनी बजावले. सोबत दुसरी तयारी म्हणून जानेवारीचा पॉझिटिव्ह अहवाल आणि प्रवासास हरकत नसल्याचे डॉक्टरांचे पत्र घ्यायला लावले. हा पुरावा नव्वद दिवसांच्या आतला असेल तर चाचणीच्या जागी चालत होता. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस मोजून "शहात्तर" असा आकडा माझ्या फाइलवर लिहिला. डॉक्टरांचे पहिले पत्र साध्या कागदावर होते. ते त्यांनी परत पाठवले आणि पत्ता व दूरध्वनी क्रमांक छापलेल्या लेटरहेडवर, सही व तारखेसह नवे आणायला सांगितले.

चाचणीच्या खोलीविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. स्वच्छता चांगली होती, स्वॅब घेणाऱ्यांचा हात हलका होता आणि रांगेत दहा-पंधरा मिनिटांहून अधिक वेळ गेला नाही. मोबाइल अॅप मात्र कमकुवत होते. त्यात कागदपत्रे चढवताना पासपोर्टचे छायाचित्र दोनदा नाकारले गेले आणि नियम बदलल्याची सूचना अॅपवर फोननंतर दोन दिवसांनी आली. केवळ अॅपवर विसंबणाऱ्या ग्राहकाला ही सेवा मी सुचवणार नाही. प्रत्यक्ष जाऊन कागद टेबलावर मांडणे ज्यांना शक्य आहे, विशेषतः ज्यांच्याबरोबर वयस्कर माणसे आहेत किंवा ज्यांचा प्रवास एकाहून अधिक देशांतून होतो, त्यांना ती जरूर घ्यावी, असे माझे मत आहे. अमेरिकेने चाचणीची अट १२ जून २०२२ रोजी काढून टाकली, पण लसीची प्रमाणपत्रे आणि नावातील तफावत यांसारखी कामे त्यानंतरही उरली.

माझ्या लेखी तक्रारीला उत्तर म्हणून दोन ओळींचे दिलगिरीचे पत्र आले होते. एप्रिलच्या अहवालावर पासपोर्ट क्रमांकाच्या लगेच खाली "नमुना घेतल्याचा दिनांक व वेळ" अशी स्वतंत्र ओळ होती : ११ एप्रिल २०२२, सकाळी ९ वाजून १० मिनिटे. काउंटरवरील कर्मचाऱ्याने तेवढी ओळ वाचली, पासपोर्टवरील नावाशी अहवाल ताडून पाहिला आणि बोर्डिंग पास छापायला घेतला.