घरी आल्यावर पांढरे झालेले ‘रंगीत’ मासे

निळे, पोपटी, गुलाबी, जांभळे असे एकाच घाटाचे मासे एकाच टाकीत दिसले आणि दुकानदार ‘ही इंपोर्टेड जात आहे’ म्हणाला, तर घेऊ नका. ते मासे बहुधा रंगवलेले असतात. जत्रेत हिरवी-गुलाबी करून विकतात ना कोंबडीची पिल्लं, तसलाच प्रकार. सांगलीत आम्हाला असे मासे विकले गेले, म्हणून हे लिहितेय. दुकानाचं नाव घालत नाही, कारण हा माल एकाच दुकानात मिळतो असं नाही.

लेकीला टँक हवा होता. दुकानदार बोलायला फार गोड. “घ्या की वैनी, पोरांचा मोबाईल सुटतोय बघा.” काचेचा टँक, हवेचा पंप, स्पंज फिल्टर, रंगीत खडी, निळ्या औषधाची बाटली, दाण्याचा डबा, सगळं एकदम काढून ठेवलं. मासेही त्याच वेळी पिशवीत भरून दिले. “आज पाणी भरा, आजच सोडा.” चिठ्ठीवर लिहिलं ‘टँक सेट, फिश’ आणि खाली एकूण रक्कम.

टँक साठ लिटरचा आहे, असं त्यानं सांगितलं होतं. लेकीच्या शाळेत नेमकं घनफळ चालू होतं. तिनं पट्टी लावली. लांबी ४५, रुंदी २५, उंची ३० सेंटिमीटर. गुणाकार ३३,७५०, भागिले हजार, म्हणजे चौतीस लिटरसुद्धा नाही, आणि तेही काठोकाठ भरला तर. “आई, काकांनी जवळजवळ निम्मंच दिलं की!” फोन करून विचारलं तर म्हणाला, काच धरून मोजतात. (काच किती जाड असते या माणसाच्या घरी, कोण जाणे.)

ते हसण्यावारी नेलं. माशांचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. लेक रोज फोटो काढायची, म्हणून आमच्या लक्षात आलं. निळा मासा आधी पोटाकडून फिका पडला, मग अंगभर. गुलाबी तर धुतलेल्या कापडासारखा दिसायला लागला. दुकानदाराचं उत्तर तयार होतं, “पाणी बदललं की होतंय असं. कलर फूड द्या.” आणि अजून एक डबा. कलर फूडमध्ये लाल-केशरी रंग खुलवणारी द्रव्यं असतात आणि ती खरोखरच लाल-केशरी माशांना उपयोगी पडतात. पण निळा रंग कुठल्याही दाण्यातून येत नाही.

मूळ मासा आहे विडो टेट्रा, दक्षिण अमेरिकेतला. मूळ रंग काळा-करडा. त्याचीच पांढरी जात पैदास करून काढलेली आहे. त्या पांढऱ्या माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर रसायनानं काढतात आणि त्याला रंगाच्या पाण्यात बुडवतात. हा थर म्हणजे माशाचं रोगांपासूनचं संरक्षण. तो गेला की वाटेल तो आजार चिकटतो, आणि रंग काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतरतोच. पारदर्शक ग्लास फिशला तर सुईनं रंग टोचतात, पाठीवर चमकदार रेघा दिसतात त्या त्याच. तो मासा आपल्याच देशातला आहे, तरी इंपोर्टेड म्हणून खपवतात. हे लेकीला सांगायचं कसं, याचा मी आणि तिच्या बाबांनी बराच विचार केला. शेवटी सरळ सांगितलं. ती रडली नाही, पण भयंकर चिडली.

आता दुसरी गोष्ट, जी मला रंगापेक्षाही जास्त लागली. मासे मरायला लागले तेव्हा सल्ला मिळाला, “सगळं काढून नळाखाली खळखळून धुवा, निळं औषध टाका.” धुतलं की पुन्हा मासे मरत, आणि पुन्हा नवे घ्यावे लागत. माशांच्या विष्ठेतून पाण्यात अमोनिया साठतो. तो पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं ते मरतात, आणि त्या निळ्या औषधानंही मरू शकतात. म्हणजे दर धुण्यागणिक आम्ही पुन्हा पहिल्या दिवसावर. टँक रोज विकला जात नाही, मासे विकले जातात. रोज मासे विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

स्पंज धुवायचा तो टँकमधूनच काढलेल्या पाण्यात, हलक्या हातानं पिळून. एका वेळी पाव भाग पाणी बदलायचं, तेही बादलीत रात्रभर ठेवलेलं. ‘घाण खाणारा’ म्हणून सकर मासा गळ्यात मारतात, तोही घेऊ नका. तो माशांची विष्ठा खात नाही, स्वतः भरपूर करतो आणि फूटभर वाढतो. मोठा झाला म्हणून कृष्णेत सोडायचा तर अजिबात नाही.

पैशांचं सांगते. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवस धरतात. चिठ्ठीवर तारीख होती आणि फोटोही तारखेनिशी होते, ते घेऊन आम्ही मुदतीच्या आत गेलो. आधी “जिवंत मालाची गॅरंटी नसती वैनी.” मी म्हटलं, मेलेल्या माशांचं सोडा, हा जिवंत आहे आणि पांढरा आहे, याचं बोला. दुकानात दुसरं गिऱ्हाईक उभं होतं, त्याचाही उपयोग झाला असावा. रंगीत माशांचे पैसे परत मिळाले, औषध आणि कलर फूडचे नाही.

लिटरचा वाद अजून आहे. चिठ्ठीवर लिटर लिहिलेले नाहीत, यावर तो अडून बसलाय. तेव्हा तुम्ही बिलावर टँकची मापं सेंटिमीटरमध्ये आणि माशाची जात लिहून घ्या. यूपीआयच्या नोंदीत रक्कम दिसते, काय घेतलं ते नाही. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथून काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. उत्तर आलं की इथेच कळवते.