प्रेस दोनदा का चालवली? – 'द फ्लाय' (१९५८)

भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये उमेदीची वर्षं गेलेल्या माणसासमोर सिनेमाच्या सुरुवातीलाच हायड्रॉलिक प्रेस (तेलाच्या दाबाने पत्रा दाबणारं यंत्र) आली, की तो सावरून बसणारच. माँट्रिअलमधला देलाम्ब्र बंधूंचा कारखाना. आवाज ऐकून रात्रीचा वॉचमन आत येतो, तर एक बाई पळताना दिसते आणि प्रेसखाली माणूस. ती बाई म्हणजे आंद्रेची बायको हेलेन. मग ती दिराला फोन करते: आंद्रेला, तुझ्या भावाला, मी मारलं. का मारलं, ते मात्र सांगायला तयार नाही.

इन्स्पेक्टर चारासला खटकतं ते हे, की प्रेस दोनदा खाली आली होती. आमच्याकडे स्ट्रोक, म्हणजे प्रेस किती वेळा खाली आली ते, मोजायचे ते पाळीचा माल किती निघाला हे कळायला. त्यातून खुनाचा धागा निघेल असं कोणाच्या डोक्यातही आलं नसतं. ५० टनांचा दाब एकदा पडल्यावर उरतं काय, की दुसऱ्यांदा बटण दाबावं? याचं उत्तर मिळतं, आणि पटतंही. तोवर ही शांत बाई फक्त एका गोष्टीने पिसाळते: कोणी माशी मारायला हात उचलला की.

म्हणून मी याला भयपट म्हणणार नाही. ही रहस्यकथा आहे आणि रचना पक्की आहे. जॉर्ज लँगलानची कथा १९५७ची, पटकथा जेम्स क्लॅव्हेलची. हो, तोच, पुढे 'शोगुन' लिहिणारा. आंद्रे शास्त्रज्ञ आहे, आणि त्याचा प्रयोग म्हणजे वस्तूचे अणू सुटे करून पलीकडच्या पेटीत पुन्हा जोडायचे. पहिल्या खेपेला बशी पोचते, पण तिच्या पाठीवरचं 'मेड इन जपान' उलटं उमटलेलं. साचे बनवणारा टूलरूमवाला हे बघून खूश होतो, कारण चुका अशाच लागतात: माल वरून झकास, उलटा करून बघितला की रिजेक्ट. मग घरातलं मांजर पेटीत जातं आणि परत येतच नाही. खोलीत कुठूनतरी नुसतं म्याव ऐकू येतं. अख्ख्या सिनेमात माझ्या अंगावर काटा आला तो इथे, आणि त्यात पडद्यावर काहीच दिसत नाही.

पुढे आंद्रे स्वतःच पेटीत शिरतो, आणि आत एक माशीही असते. त्यानंतर तो डोक्यावर काळं फडकं घेऊन वावरतो, बोलत नाही, टाईप केलेल्या चिठ्ठ्या देतो, टेबलावर एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. फडकं निघायला दिग्दर्शक कुर्ट नॉयमान बराच वेळ घेतो. निघाल्यावर माशीच्या डोळ्यांतून किंचाळणारी हेलेन दिसते, एकाच वेळी अनेक. सिनेमास्कोपच्या रुंद पडद्याचे आणि रंगीत फिल्मचे पैसे तिथे वसूल होतात. कॅमेरा कार्ल स्ट्रसचा, मूकपटांच्या काळात ऑस्कर मिळवलेल्या माणसाचा.

शास्त्राचं म्हणाल तर भोकं आहेत. डोकं माशीचं, तर विचार कोण करतंय? आणि ते माणसाएवढं मोठं झालं कसं? प्रयोगाआधी पेटी रिकामी आहे ना एवढंही न बघणारा शास्त्रज्ञ आमच्या सुपरवायझरच्या हाताखाली आठवडाभर टिकला नसता.

पॅट्रिशिया ओवेन्सने सिनेमा खांद्यावर पेललाय. पोस्टरवर आज व्हिन्सेंट प्राइसचं नाव मिरवतं, पण तो इथे साधा, हळवा दीर आहे आणि बरा वाटतो. याच सिनेमाचा १९८६चा, दिग्दर्शक क्रोननबर्गचा अवतार आवडणाऱ्यांना हा फार स्वच्छ वाटेल. रक्तामांसाचा चिखल इथे जवळजवळ नाहीच.

बागेतलं कोळ्याच्या जाळ्याचं दृश्य सांगून तुमची मजा घालवत नाही. ते संपलं की बंद करा हवं तर. त्यानंतर काका पुतण्याला सत्याचा शोध वगैरे समजावतो, ते स्टुडिओने वरून लावलेलं साखरेचं पाणी आहे.