लिव्हर ट्रान्सप्लांटनंतर पंधराव्या दिवशी एचबी (हिमोग्लोबिन) ६.१ : फॉलोअप आणि ब्लड बँकेचा अनुभव

हॉस्पिटल पुण्यातलं आहे. नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रार पण आहे आणि ती एका रात्रीच्या ड्युटीची आहे, सगळ्या हॉस्पिटलची नाही. ऑपरेशन उत्तम झालं, सर्जन चांगले, आयसीयूतल्या सिस्टर तर देवमाणसं. पण मला लिहायचंय ते ऑपरेशननंतरच्या सेवेबद्दल आणि ब्लड बँकेबद्दल, कारण हॉस्पिटल निवडताना आम्ही सर्जन बघितले, पॅकेज बघितलं, ब्लड बँकेचा विचार मनात पण आला नव्हता.

पेशंट माझे बाबा, ए पॉझिटिव्ह, आई ओ पॉझिटिव्ह. आधी माझं तपासलं तर माझं लिव्हर फॅटी निघालं, मग डोनर म्हणून आई उभी राहिली. ओ गट सगळ्यांना चालतो हे आपण लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळे गटाची काळजीच कुणी केली नाही. समुपदेशनात इन्फेक्शन, रिजेक्शन, पित्त गळणं, रक्ताची गुठळी हे सगळं नीट सांगितलं, दोन तास बसवून सांगितलं, पण जे पुढे झालं त्याचा एक शब्द नव्हता.

तेराव्या दिवशी डिस्चार्ज. हॉस्पिटलजवळ खोली घेतली होती. पंधराव्या दिवशी शनिवारी सकाळी बाबांची लघवी कोऱ्या चहासारखी, दुपारपर्यंत डोळे पिवळे, आणि जिना चढताना तिसऱ्या पायरीवर बसूनच राहिले. मी इमर्जन्सीला नेलं. एचबी दोन दिवसांपूर्वी ९.८ होतं ते ६.१ आलं, बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते पिवळं द्रव्य) ६.४. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी कावीळ म्हटल्यावर सरळ पित्तनळी धरली, डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) केलं, मग एमआरसीपी (पित्तनळ्यांचा एमआरआय) लिहिलं, वर ए गटाच्या दोन बॅग मागवायला सांगितल्या आणि रिजेक्शन पण असू शकतं असं आईसमोर बोलले. आईच्या पोटाला अजून टाके होते हो. रिपोर्टमध्ये बिलिरुबिनची फोड होती, ६.४ पैकी डायरेक्ट, म्हणजे लिव्हरमधून प्रक्रिया होऊन आलेलं, फक्त १.१, आणि एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की वाढतं ते) नॉर्मल. म्हणजे लिव्हर ठीक होतं, बिघाड रक्तातच होता. हे मला नंतर कळलं, पण त्यांना त्याच वेळी दिसायला हवं होतं, तेवढंच माझं म्हणणं आहे.

आता ब्लड बँक. तळमजला, मागच्या बाजूला, रात्री साडेनऊ. मी फॉर्म आणि सॅम्पल दिलं, अर्ध्या तासाने तिथल्या टेक्निशियन दादांनी खिडकीतून हाक मारली, ए गटाची एकही बॅग जुळत नाहीये म्हणाले. त्यांनी मला दोन काचेच्या नळ्या उजेडाला धरून दाखवल्या. एकीत लाल पाणी सरळ हलत होतं, दुसरीत फाटलेल्या दुधासारखे गोळे. मग त्यांनी विचारलं, पेशंटला काही झालंय का अलीकडे, मी म्हटलं ट्रान्सप्लांट, त्यांचा पुढचा प्रश्न एकच, डोनरचा गट कुठला. ओ म्हटल्यावर त्यांनी कुणाची वाट न बघता कूम्ब्ज टेस्ट (लाल पेशींना अँटीबॉडी, म्हणजे त्यांच्यावर हल्ला करणारी प्रथिनं, चिकटलीत का ते बघणारी) लावली, ती पॉझिटिव्ह आली, आणि ते स्वतः वर फोन करून डॉक्टरांशी बोलले की ए देऊ नका, ओ द्या. मी वॉर्डात पोचले तर माझे काका ओरडायला लागले, चुकीच्या गटाची बॅग लावताय म्हणून, कारण बॅगवर ठळक ओ लिहिलेलं आणि फाइलवर ए. त्यांना पण दादांनीच फोनवर शांतपणे समजावलं.

रविवारी सकाळी रक्ताच्या डॉक्टर मॅडम आल्या, पलंगावर बसून सांगितलं. याला पॅसेंजर लिम्फोसाइट सिंड्रोम म्हणतात. आईच्या लिव्हरबरोबर तिच्या थोड्या पांढऱ्या पेशी प्रवासी म्हणून बाबांच्या अंगात आल्या. ओ गटाच्या माणसाच्या शरीरात ए विरुद्धच्या अँटीबॉडी असतातच, त्या पेशींनी तिथे जाऊन त्याच बनवल्या आणि बाबांच्या लाल पेशी फोडायला लागल्या. बहुतेक वेळा हे ऑपरेशननंतर एक ते तीन आठवड्यांत दिसतं. म्हणून लाल पेशी ओच्या द्यायच्या, त्यांच्यावर ए ची खूण नसतेच, पण प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) लागला तर ए किंवा एबीचा, कारण ओच्या प्लाझ्मात तीच अँटीबॉडी असते. टॅक्रोलिमसमुळे (रिजेक्शन होऊ नये म्हणून चालू असलेलं औषध) पण रक्त फुटू शकतं म्हणून त्यांनी स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) मायक्रोस्कोपखाली स्वतः बघितला, फाटक्या पेशी नव्हत्या, प्लेटलेट ठीक होत्या. एकूण तीन बॅग लागल्या, स्टेरॉइड वाढवलं, रिटुक्सिमॅबपर्यंत (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी मारणारं औषध) वेळ आली नाही.

बाबांनी विचारलं, म्हणजे आता माझा गट ओ होणार का. मॅडम म्हणाल्या नाही, तुमची अस्थिमज्जा तुमचीच आहे, प्रवासी पेशी काही आठवड्यांत संपतात. ऑस्ट्रेलियात एका मुलीचा रक्तगट लिव्हर ट्रान्सप्लांटनंतर खरंच बदलला होता, २००८ ला छापून आलं होतं, पण ती अगदी विरळ गोष्ट. प्रत्येक व्हिजिटला अंगावर पुरळ, जुलाब, ताप का विचारतात ते पण तेव्हा कळलं. त्याच प्रवासी पेशींपैकी दुसऱ्या प्रकारच्या पेशी कातडी, आतडी आणि अस्थिमज्जेवर उलटल्या तर जीव्हीएचडी (डोनरच्या पेशींनी पेशंटच्या शरीरावर केलेला हल्ला) होतो, तो क्वचित होतो पण झाला तर बहुतेक पेशंट हातचे जातात. आणि त्यात लिव्हरचे रिपोर्ट चांगलेच येत राहतात, कारण लिव्हर डोनरचं, त्या पेशींना ते आपलंच वाटतं. हे ऐकून मी त्या दिवसापासून रोज बाबांचे तळहात बघते.

रेटिंग : ब्लड बँक पाचपैकी पाच. फॉलोअप ओपीडी चार, कोऑर्डिनेटर ताई रात्री अकराला पण व्हॉट्सअॅपला उत्तर देतात. शनिवार रात्रीची इमर्जन्सी दोन. डिस्चार्ज पेपर एक, कारण त्यात डोनरचा गट कुठेच नव्हता, आणि सगळं इंग्रजीत. डोनर ओ आणि पेशंट ए, बी किंवा एबी असेल, किंवा पेशंट एबी आणि डोनर ए नाहीतर बी असेल, तर डिस्चार्जच्या आधी विचारा की कूम्ब्ज झाली का आणि पहिले तीन आठवडे एचबी किती दिवसांनी बघायचं. टेस्ट स्वस्त आहे, त्या एमआरसीपीपुढे तर काहीच नाही.

अडीच महिन्यांनी कूम्ब्ज निगेटिव्ह आली, एचबी ११.९. मॅडमनी फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून दिलंय, डोनर ओ पॉझिटिव्ह, रक्त देण्याआधी ब्लड बँकेशी बोला. त्या पानाचा फोटो मी काकांना आणि कराडच्या आमच्या डॉक्टरांना पण पाठवून ठेवलाय.