ओवा-लवंग तेलाचं बुरशीनाशक: औषध बरं, टोपण भयंकर

गेल्या रब्बीच्या आधी घेतलेली बाटली आता तळाला आली आहे. ओव्यातलं थायमॉल, लवंगेतलं युजेनॉल, ‘शंभर टक्के नैसर्गिक’ हे सगळं लेबलवर तुम्ही वाचलंच असेल. टोपणाबद्दल तिथे अवाक्षर नाही, म्हणून लिहितोय.

मापाचं म्हणून दिलेलं ते टोपण महिन्याभरात आतून चिकट झालं आणि मापाच्या रेघाच गायब. लवंगतेलात काही प्लास्टिकं विरघळतात, हे तेल विकणाऱ्यालाच ठाऊक नसावं? फवारणी पंपाचा रबरी वॉशरही फुगला, तो वेगळा भुर्दंड. इंदूरच्या छावणी भागातल्या दुकानदाराचं उत्तर: “भिया, ढक्कन अलग से नहीं आता, नई बोतल ले लो.” एका टोपणासाठी अख्खी बाटली! कंपनीच्या नंबरवर तक्रार ‘नोंदवून घेतली’ आहे, ती नोंदलेलीच राहिली.

टोपण घट्ट बसत नसेल तर औषधच जातं हो. ही तेलं मुळात उडणारी, आणि शेतातही त्यांनी तेच केलं. सांवेरकडे आमचा लोकवन गहू असतो. तांबेऱ्याला (पानांवर गंजासारखी पूड आणणारा बुरशीचा रोग) हा वाण लवकर बळी पडतो हे माहीत असूनही लावतो, कारण घरात पोळी त्याचीच हवी. फेब्रुवारीत पानांवर नारिंगी पुटकुळ्या दिसताच संध्याकाळी, ऊन टाळून फवारलं. थोडे दिवस रोग थबकला, मग पुन्हा हाताला तीच पूड. तेल बुरशीच्या पेशीचं आवरण फोडतं, पण जिथे पोचतं तिथेच. तांबेरा पानाच्या आत शिरलेला असतो, तेल राहतं वर, आणि ऊन-वारा त्याला फार टिकू देत नाही. शिवाय तांबेऱ्याचे बीजाणू वाऱ्यावर लांबून येतात (गव्हाच्या तांबेऱ्याचे अभ्यासक डॉ. के. सी. मेहतांनी डोंगराळ भागांतून ते मैदानात कसे उतरतात हे दाखवलं होतं), म्हणजे आज पान साफ केलं तरी उद्या नवे हजर. काकांनी आपल्या पट्ट्यात प्रोपिकोनॅझोल हे रासायनिक बुरशीनाशक मारलं, लिटरला एक मिलि, ते पानात शिरतं. त्यांचा खर्च माझ्यापेक्षा कितीतरी कमी. बोलले काहीच नाहीत, नुसते माझ्या पट्ट्याकडे बघत राहिले.

काणीवरही (लोंबीत दाण्याऐवजी काळी पूड भरणारा रोग) उपयोग शून्य. पेरणीआधी बियाण्याला चोळलं होतं, तरी काळ्या लोंब्या निघाल्याच. काणीची बुरशी फुलोऱ्यात शिरून दाण्याच्या गर्भात झोपलेली असते, वरून लावलेलं तेल तिला काय करणार? त्याला कार्बोक्सिनसारखं आंतरप्रवाही, म्हणजे आत शिरणारं औषधच हवं.

इथपर्यंत दोनच तारे द्यायचे ठरलं होतं. मग पावसाळा आला.

उन्हाळ्यात चांगलं वाळवलेलं बियाणं पत्र्याच्या कोठीत भरताना उरलेल्या तेलात कापूस भिजवून, कापडात गुंडाळून आत ठेवला होता, वाया जाऊ नये एवढ्याच हिशेबाने. दरवर्षी श्रावणात कोठीच्या कडेला हिरवट बुरशी धरते, कुबट वास सुटतो. यंदा काही नाही, दाणा कोरडा खणखणीत. बंद जागेत वाफ कोंडून राहते आणि दाण्याच्या वर वाढणारी बुरशी वाढू देत नाही. शेतात जो दोष, तोच इथे गुण.

पण जपून. जास्त तेलाने कोंबही मार खातो. ओल्या वर्तमानपत्रात दाणे गुंडाळून पाहिले, तर कापसाला अगदी चिकटलेले दाणे आळशी उगवले. आणि खायच्या गव्हाजवळ हे आणूच नका. आईने एका डब्यात ठेवून पाहिलं, पोळीला दातदुखीच्या औषधासारखा वास आला आणि तो गहू गाईकडे गेला.

तर बियाण्याच्या कोठीसाठी चार तारे, उभ्या गव्हासाठी एक. पुढच्या हंगामात निम्म्या जमिनीत पूसा तेजस हा गव्हाचा वाण घेणार, तांबेऱ्याला तो लोकवनपेक्षा दणकट आहे. उरलेलं औषध काचेच्या बाटलीत ओतून ठेवलंय. मापायला काचेचा सिलिंडर विकत घ्यावा लागला. त्याची पावती जपून ठेवली आहे, कंपनीतून कोणी फोन केलाच तर.