रोज कामावर नेण्यासाठी दोन दारांची गाडी: सिव्हिक कूपे, मस्टँग, जीआर ८६ आणि नवी प्रिल्यूड

डेट्रॉइटच्या वायव्येला आणि पश्चिमेला असलेल्या नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्स, कँटन या उपनगरांत राहून डिअरबॉर्न किंवा ट्रॉयला कामावर जाणाऱ्या मराठी मंडळींपैकी बरेच जण वाहनउद्योगातच आहेत. घरात मोठी गाडी आधीच आहे आणि दुसरी गाडी बहुतेक वेळा एकट्यानेच चालवायची आहे, तर ती दोन दारांची कूपे का असू नये, हा प्रश्न त्यांच्यापैकी कोणी ना कोणी दरवर्षी विचारतो. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर नकारार्थीच असले पाहिजे असे मला मुळीच वाटत नाही. मात्र ते उत्तर अश्वशक्तीच्या आकड्यांत शोधू नये. कूपे वर्षानुवर्षे रोज वापरली जाईल की दोन हिवाळ्यांत विकली जाईल, हे तिचे दार, तिचे मागचे आसन आणि तिचे टायर या तीन गोष्टी ठरवतात, असे माझे मत आहे. म्हणून ही तुलना मी एकाच दिनक्रमावर बेतली आहे: जायचे २५ मैल, यायचे २५ मैल, वर्षाचे २३० दिवस, म्हणजे एकूण ११,५०० मैल, आणि त्यांतले किमान चार महिने बर्फाचे व ते वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे.

पर्याय आता फार उरलेले नाहीत. होंडाने अ‍ॅकॉर्ड कूपे २०१७ नंतर आणि सिव्हिक कूपे २०२० नंतर बंद केली. डॉजची चॅलेंजर आणि शेव्हरोलेची कमॅरो या दोन्हींचे उत्पादन २०२३ च्या डिसेंबरमध्ये थांबले, आणि त्यांतली कमॅरो तर आपल्याच मिशिगन राज्यात, लान्सिंगमध्ये तयार होत असे. त्यामुळे मध्यम खर्चात विचार करणाऱ्यासमोर आज मुख्यतः तीन गाड्या येतात: जुन्या बाजारातली दहाव्या पिढीची सिव्हिक कूपे (२०१६ ते २०२०), नवी फोर्ड मस्टँग इकोबूस्ट (म्हणजे चार सिलिंडरच्या टर्बो इंजिनाची मस्टँग) आणि टोयोटा जीआर ८६. जीआर ८६ आणि सुबारू बीआरझी या जवळजवळ एकच गाडी असल्याने बीआरझीचा वेगळा विचार केलेला नाही. चौथी म्हणजे हायब्रिड होऊन परतलेली होंडा प्रिल्यूड. तिची किंमत सुमारे ४२ हजार डॉलर असल्यामुळे तिच्याविषयी शेवटी थोडक्यात लिहिले आहे.

आधी दाराविषयी, कारण गाडी पाहायला गेलेला माणूस इंजिनाचा आवाज ऐकतो, आसनाची शिवण पाहतो आणि दार मात्र विक्रेत्याच्या मोकळ्या अंगणात उघडून बघतो. कूपेचे दार चार दारांच्या गाडीपेक्षा बरेच लांब आणि जड असते. येथील वाहनतळांत एका गाडीची जागा साधारण साडेआठ ते नऊ फूट रुंद आखलेली असते. मस्टँगची रुंदी आरसे वगळून ७५ इंचांहून थोडी अधिक आहे, तर सिव्हिक कूपे ७१ इंचांच्या आसपास आणि जीआर ८६ सुमारे ७० इंच रुंद आहे. नऊ फुटांच्या जागेत अगदी मधोमध उभी केल्यास मस्टँगच्या प्रत्येक बाजूला सुमारे १६ इंच उरतात आणि जीआर ८६ च्या बाजूला १९ इंच. साडेआठ फुटांच्या जागेत हेच अंतर १३ आणि १६ इंचांवर येते. शेजारची गाडी रेषेला चिकटून उभी असेल तर मस्टँगचे लांब दार पहिल्या खाचेपुरतेच उघडते, आणि जाड कोट घातलेल्या माणसाला त्या फटीतून तिरके होऊन बाहेर पडावे लागते. कार्यालयाचा वाहनतळ उघडा आणि ऐसपैस असेल तर ही अडचण जाणवणारही नाही, पण बहुमजली पार्किंग डेकमध्ये खांबाशेजारची जागा मिळणाऱ्याला ती रोज दोन वेळा जाणवेल.

दार लांब असल्याचा आणखी एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. सीटबेल्ट ज्या खांबाला बसवलेला असतो तो खांब चालकाच्या खांद्यापासून बराच मागे जातो, आणि पट्टा घेण्यासाठी रोज कंबरेतून मागे वळावे लागते. मान किंवा खांदा दुखरा असणाऱ्याने ही हालचाल चाचणीच्या वेळी पाच-सहा वेळा करून पाहावी. शिवाय मस्टँग आणि जीआर ८६ या दोन्हींच्या दारांच्या काचांना वरून चौकट नाही. मूठ ओढताच काच किंचित खाली सरकते आणि मगच दार सुटते. गोठणारा पाऊस पडून गेल्यावर ती काच रबराला चिकटून बसते, आणि तशा वेळी दार हिसकले तर रबर फाटू शकते. ज्यांच्याकडे बंद गॅरेज आहे त्यांनी हा मुद्दा सोडून द्यावा. ज्यांची गाडी अपार्टमेंटच्या उघड्या अंगणात उभी राहते त्यांनी थंडीच्या आधी रबराला सिलिकोन लावण्याची सवय ठेवावी.

मागच्या आसनाच्या बाबतीत या तीन गाड्या एकाच वर्गातल्या वाटतच नाहीत. सिव्हिक कूपेमध्ये मागे पाय ठेवायला जवळजवळ ३६ इंच जागा आहे, जीआर ८६ मध्ये ती ३० इंचांवर येते आणि मस्टँगमध्ये २९ इंचांवर. म्हणजे तिघींत सर्वांत मोठी दिसणारी गाडी मागे सर्वांत अरुंद आहे. सिव्हिकमध्ये दोन मोठी माणसे मागे बसून जेवायला जाऊ शकतात. मस्टँगचे आणि जीआर ८६ चे मागचे आसन प्रत्यक्षात पिशवी, कोट आणि फार तर शाळकरी मुलासाठी आहे. ज्यांना लहान मूल आहे किंवा होणार आहे त्यांनी इथेच थांबून विचार करावा. मागे तोंड करून बसवायची बाळाची खुर्ची मस्टँगमध्ये बसवली की पुढच्या प्रवाशाचे आसन इतके पुढे घ्यावे लागते की तिथे मोठ्या माणसाला नीट बसता येत नाही, आणि ती खुर्ची दर वेळी दुमडलेल्या आसनाच्या मागून, वाकून आत घालावी लागते. मुलांना तेरा वर्षांपर्यंत मागेच बसवावे हा नियम मानणाऱ्या घरात ही गाडी दुसरी म्हणूनही अपुरी पडते.

आई-वडील पुण्या-नाशिकहून उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी येतात, हाही आपल्याकडचा खरा प्रश्न आहे. त्यांना पुढे बसवता येईल, असे आपण गृहीत धरतो. माझी आई गुडघेदुखीमुळे खाली बसू शकत नाही. एका स्नेह्याच्या जीआर ८६ मध्ये पुढच्या आसनावर बसण्यासाठी तिला आधी छताला, मग दाराला, मग माझ्या हाताला धरावे लागले, आणि उतरताना नऊवारी नव्हे, साधी पाचवारी साडीसुद्धा उंबरठ्याच्या कडेला अडकली. ती काही बोलली नाही, पण पुन्हा त्या गाडीत बसली नाही. सिव्हिक कूपेचे आसनही खालीच आहे, तरी ते जीआर ८६ इतके जमिनीला टेकलेले नाही. मस्टँग या दोहोंच्या मध्ये येते.

आता हिवाळा. सिव्हिक पुढच्या चाकांनी ओढली जाते, तर मस्टँग आणि जीआर ८६ मागच्या चाकांनी ढकलल्या जातात. इंजिनाचे वजन पुढच्या चाकांवर असल्याने सिव्हिक बर्फातून जागेवरून सहज सुटते, आणि चांगल्या ऑल-सीझन टायरवर ती शहरातल्या शहरात निभावून नेता येते. मागच्या चाकांच्या गाड्या मिशिगनमध्ये चालवताच येत नाहीत हा समज मात्र चुकीचा आहे. डोंगर आणि हिमकणाचे चिन्ह असलेले खरे हिवाळी टायर घातलेली मस्टँग ही झिजलेल्या ऑल-सीझन टायरांवरच्या पुढच्या चाकांच्या गाडीपेक्षा अधिक विश्वासाने थांबते आणि वळते. फरक इतकाच की सिव्हिकसाठी असे टायर घेणे हा शहाणपणा आहे, तर या दोघींसाठी ती अट आहे. जीआर ८६ च्या प्रीमियम प्रकाराबरोबर मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ हे उन्हाळी टायर येतात. तापमान ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की अशा टायरांचे रबर कडक होते, आणि बर्फ नसलेल्या कोरड्या रस्त्यावरही पकड कमी होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून एप्रिलपर्यंत हे टायर गॅरेजमध्येच राहतील असे धरून चालावे. रिमांसह हिवाळी टायरांच्या संचाला हजार डॉलर किंवा त्याहून अधिक लागतील, आणि काढलेले चार टायर ठेवायला जागाही लागेल. हा खर्च किमतीत आधीच मिळवून मगच दोन गाड्यांची तुलना करावी.

इंधनाचा हिशेब सोपा आहे, म्हणून थोडक्यात देतो. साधे पेट्रोल ३.२० डॉलर आणि प्रीमियम ४.१० डॉलर गॅलन असे धरू. दर बदलले तरी प्रमाण फारसे बदलणार नाही. स्वयंचलित गिअरची सिव्हिक कूपे शहर आणि महामार्ग मिळून गॅलनला सुमारे ३४ मैल देते, म्हणजे वर्षाला जवळपास १,०८० डॉलर. मस्टँग इकोबूस्टचा अधिकृत एकत्रित आकडा २६ मैलांचा आहे आणि ती साध्या पेट्रोलवरही चालते, म्हणून १,४१५ डॉलर. जीआर ८६ हातच्या गिअरमध्ये २२ मैल देते आणि तिला प्रीमियमच लागते, त्यामुळे खर्च २,१४० डॉलरवर जातो. तिघींत सर्वांत लहान आणि हलकी गाडी इंधनाला सर्वांत महाग पडते, हे पुष्कळांना विक्रेत्याच्या दालनात कळत नाही. स्वयंचलित गिअर घेतल्यास तिचे मायलेज दोन-तीन मैलांनी सुधारते, पण मग ती गाडी घेण्याचे निम्मे कारणच जाते.

त्या कारणाविषयीही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे, कारण केवळ हिशेबाने कोणी कूपे घेत नाही. सुमारे १,२७० किलो वजनाची, २२८ अश्वशक्तीची जीआर ८६ साध्या वळणावरही चालकाला जो आनंद देते तो या किमतीत दुसरी कोणतीही नवी गाडी देत नाही, असे मला मनापासून वाटते. पण आपला रस्ता आय-६९६ या महामार्गाचा असेल, सकाळी आठ वाजता तो थांबत-सरकत चालत असेल आणि डाव्या पायाने क्लच शंभर वेळा दाबायचा असेल, तर तो आनंद आठवड्यातून किती मिनिटे मिळतो हे आपणच मोजावे. काँक्रीटच्या महामार्गावर तिच्यात टायरांचा आवाजही बराच येतो. मस्टँग इकोबूस्टचे ३१५ अश्वशक्तीचे टर्बो इंजिन आणि दहा गिअरचा स्वयंचलित गिअरबॉक्स याच रस्त्यावर निवांत राहते, आणि महामार्गाला मिळताना हवा तेव्हा जोर देते. २०२४ पासून इकोबूस्टला हातचा गिअर मिळत नाही. तो हवा असल्यास आठ सिलिंडरची जीटी घ्यावी लागते आणि तिचे मायलेज या दिनक्रमाला परवडणारे नाही. डिकीतही मस्टँग पुढे आहे: तिच्यात सुमारे ३७५ लिटर, सिव्हिकमध्ये ३४० च्या आसपास आणि जीआर ८६ मध्ये जेमतेम १८०. पटेल ब्रदर्स या भारतीय किराणा दुकानातून महिन्याचे सामान, वीस पौंडांच्या तांदळाच्या दोन पिशव्यांसह आणणाऱ्याला जीआर ८६ चे मागचे आसन पाडावेच लागेल.

विम्याचा हप्ता गाडी ठरवल्यावर विचारायचा नसतो, ठरवण्याआधी विचारायचा असतो. मिशिगनमध्ये २ जुलै २०२० पासून वैद्यकीय संरक्षणाची मर्यादा निवडता येते, त्यामुळे हप्ते पूर्वीपेक्षा लवचिक झाले आहेत, तरी नव्या मस्टँगचा आणि जुन्या सिव्हिकचा हप्ता यांतला फरक एखाद्या तरुण चालकासाठी इंधनाच्या फरकाहून मोठा निघू शकतो. तिन्ही गाड्यांचे व्हीआयएन (प्रत्येक गाडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक) घेऊन एकाच दिवशी, एकाच संरक्षणासाठी दर मागवावेत.

सिव्हिक जुनी घ्यायची असल्याने तिच्याबाबत अधिक सावध राहावे. या राज्यात गाडीची सक्तीची नियतकालिक तपासणी नाही, त्यामुळे मिठाने खाल्लेली गाडीसुद्धा वरून धुऊन-पुसून विक्रीला येते. ती लिफ्टवर चढवून ब्रेकच्या नळ्या, मागचा सबफ्रेम (चाकांची जोडणी पेलणारा खालचा सांगाडा) आणि एक्झॉस्टचे जोड पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. या पिढीत एसीचा कंडेन्सर गळण्याच्या तक्रारी इतक्या आल्या की होंडाने त्याची वॉरंटी मूळ विक्रीपासून दहा वर्षांपर्यंत वाढवली. म्हणजे २०१६ च्या गाडीची ती मुदत संपत आली किंवा संपली आहे, २०१९ च्या गाडीची अजून शिल्लक आहे. १.५ लिटरच्या टर्बो इंजिनात कडाक्याच्या थंडीत छोट्या फेऱ्या केल्यास पेट्रोल इंजिनऑइलमध्ये मिसळण्याचा दोष दिसला होता. २५ मैलांच्या प्रवासात इंजिन पूर्ण तापते, त्यामुळे आपल्या दिनक्रमात त्याची भीती कमी आहे. तरीही १५८ अश्वशक्तीचे, टर्बो नसलेले २.० लिटरचे इंजिन मला अधिक निर्धास्त वाटते. वर्ष निवडताना २०१९ किंवा २०२० च घ्यावे, कारण २०१९ पासून समोरच्या धोक्याला आपोआप ब्रेक लावणारी होंडा सेन्सिंग ही यंत्रणा सर्व प्रकारांत दिली गेली.

प्रिल्यूडबद्दल एवढेच की, २०० अश्वशक्तीची ही हायब्रिड गाडी गॅलनला एकत्रित ४४ मैल देते, म्हणजे वरच्या हिशेबात वर्षाला सुमारे ८३५ डॉलर. ती पुढच्या चाकांची आहे आणि तिची मागची काच डिकीसकट वर उघडते. रोजच्या प्रवासासाठी या चौघींत तीच सर्वांत विचारपूर्वक घडवलेली आहे. मात्र मस्टँगपेक्षा सुमारे दहा हजार डॉलर अधिक द्यायचे आणि इंधनात वर्षाला पावणेसहाशे डॉलर वाचवायचे, तर केवळ बचतीसाठी ती घेण्याला आधार उरत नाही. ती आवडली म्हणूनच घ्यावी.

माझा कौल विचाराल तर, ज्याच्या गाडीत महिन्यातून दोनदा तरी तिसरा माणूस बसतो, किंवा ज्याची गाडी उघड्यावर उभी राहते, त्याने २.० लिटरची सिव्हिक कूपे शोधावी आणि चांगली मिळेपर्यंत थांबावे. ज्याचे मागचे आसन खरोखर रिकामेच राहणार आहे आणि ज्याच्याकडे गॅरेज आहे, त्याने हिवाळी टायरांसह मस्टँग इकोबूस्ट घ्यावी. ती येथून तासाभराच्या आत, फ्लॅट रॉकमध्येच तयार होते. जीआर ८६ अशाने घ्यावी ज्याला जानेवारीत ती घरी ठेवून दुसरी गाडी नेण्याची सोय आहे.

चाचणीसाठी गाडी मिळाली की ती मोकळ्या रस्त्यावर पळवण्याऐवजी सकाळी साडेआठ वाजता आपल्याच कार्यालयाच्या वाहनतळात न्यावी, दोन गाड्यांच्या मध्ये उभी करावी, आणि कोट घालून, लॅपटॉपची पिशवी मागच्या आसनावरून काढून बाहेर पडून पाहावे.