जन्मतःच पेन्शनर बेस: अकरा महिने वापरल्यावर

खोकं उघडलं तेव्हा आई शेजारी बसून गवार निवडत होती. तिनं आधी नव्या बेस गिटारकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अरे, हे कोणाचं तरी जुनं गळ्यात मारलंय तुझ्या. पोपडे बघ किती निघालेत." बेस कोरा करकरीत आहे हे मी तिला सांगितलं. पोपडे काढायचे जास्तीचे पैसे मोजलेत, हे मात्र सांगायची हिंमत झाली नाही. आमच्या घरी टीव्हीच्या रिमोटवरचं प्लॅस्टिक सहा वर्षं झाली तरी निघालेलं नाही.

दिवाळीच्या आधी घेतला होता, आता यंदाचे गणपतीही उरकले. मी पुण्यात एका वाद्यवृंदात बेस वाजवतो. जुनी हिंदी-मराठी गाणी, महिन्याला पाच-सहा कार्यक्रम, सणासुदीला त्याच्या दुप्पट. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि हा प्रकार आता बऱ्याच कंपन्या करतात. फेंडर कंपनीच्या 'प्रिसिजन' मॉडेलच्या धाटणीचा चार तारांचा बेस, ३४ इंच स्केल (तारेची वाजणारी लांबी), २० फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), वजन ४.१ किलो. आल्डर लाकडाची बॉडी, मेपल लाकडाचा नेक (म्हणजे मान), वर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा पातळ हात. कोपर टेकतो तिथे, पोटाला घासतो तिथे आणि दोन्ही शिंगांच्या कडांना रंग खरवडून लाकूड उघडं केलेलं. स्क्रूंना गंजसुद्धा कारखान्यातच चढवलेला.

नवं वाद्य जुनं दिसेल असं बनवण्याच्या या प्रकाराला 'रेलिक' म्हणतात. फेंडरच्या कस्टम शॉपनं १९९५ मध्ये तो बाजारात आणला आणि मग त्याची लाटच आली. यामागचं वेड मला कळतं. आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघरची १९६१ सालची स्ट्रॅटोकास्टर गिटार पाहिली की बॉडीवर रंग शोधावा लागतो. अमेरिकन गायक विली नेल्सनची मार्टिन गिटार १९६९ पासून त्याच्याकडे आहे. नायलॉनच्या तारांची ती गिटार, म्हणजे लाकूड घासू नये म्हणून लावतात ते पिकगार्ड नाही, आणि हा वाजवणार पिकनं, म्हणजे तार छेडायच्या चकतीनं. घासून घासून साउंडहोलच्या शेजारी दुसरं भोक पडलं. तरी तो तीच वाजवतो. हे फोटो पाहत मोठा झालेला माणूस पॉलिस्टरच्या चकाकत्या रंगाकडे बघून मोहरत नाही, एवढंच.

आधी चांगलं सांगतो. नेक अप्रतिम आहे. मागची बाजू जवळजवळ कोरं लाकूड. एप्रिलमधल्या एका लग्नाच्या कार्यक्रमात पंखासुद्धा नव्हता, पण अंगठा कुठे चिकटला नाही. माझ्या आधीच्या बेसच्या ग्लॉसी नेकवर अशा दिवशी हात सरकवायला टाल्कम पावडर लागायची. आवाज जाडसर, मध्यभागी भरलेला, गाण्याच्या खाली नीट बसणारा. याहून जास्त काही म्हणत नाही, कारण रंग खरवडल्यानं आवाज सुधारतो असं सांगणारे लोक मला भेटले आहेत आणि त्यांच्याशी वाद घालून माझा चहा गार झाला आहे.

रुबाबाचं म्हणाल तर तोही मिळतो. चिंचवडला मध्यंतरात एक कॉलेजचा मुलगा स्टेजजवळ आला आणि म्हणाला, "दादा, वडिलांचा का?" मी हो म्हणून गेलो. मागे आमचे गिटारवाले काका उभे होते. तेव्हापासून ते या बेसला 'वडिलोपार्जित' म्हणतात. "वडिलोपार्जित ट्यून झालं का रे तुझं?"

आता तक्रारी. पहिल्याच दिवसापासून १४व्या फ्रेटच्या आसपास G ची तार खरखरत होती. नेकचा बाक सुधारणारा आतला ट्रस रॉड फिरवून पाहिला, ॲक्शन (तारांची उंची) वाढवली, उपयोग नाही. शेवटी रिपेअरवाल्यानं नेकवर सरळपट्टी ठेवून दाखवलं: तीन फ्रेट उंच राहिलेले. लेव्हलिंग आणि पॉलिशचे ३,५०० रुपये गेले. मला राग पैशांचा नाही आला. कोणीतरी तासभर बसून माझ्या बेसच्या कडा कानशीनं घासल्या होत्या. तीच कानस फ्रेटवर दहा मिनिटं फिरवली असती तर?

दुसरी तक्रार पावसाळ्यातली. जुलैत हवा दमट झाली, नेक थोडा वाकला, तारा उंच गेल्या. ट्रस रॉडला पाव फेरा दिला आणि मग ब्रिजवरचे सॅडल (ज्यांवर तारा टेकतात ते) खाली घ्यायला ॲलन की लावली. की फिरली, स्क्रू नाही. कारखान्यात चढवलेला शोभेचा गंज आता खरा झाला होता. धातूवरचा लेप आधीच खाऊन टाकलेला, त्यात माझा घाम आणि आमचे कोकणातले दोन कार्यक्रम. आठपैकी तीन स्क्रू जागच्या जागी जाम झाले. गंज सोडवणारं तेल कापसाच्या काडीनं एकेका आट्यावर लावलं, रात्रभर ठेवलं. दोन निघाले, तिसऱ्याचं तोंड फिरलं. आता सगळे आठ स्टेनलेस स्टीलचे आहेत. चकाचक. त्या गंजक्या ब्रिजवर ते सोन्याच्या दातांसारखे दिसतात, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

काकांची गिटार याच्या अगदी उलट. पस्तीसेक वर्षं जुनी, पण लांबून पाहिलं तर कालच दुकानातून आणल्यासारखी. कार्यक्रम संपला की ते धोतराच्या तुकड्यानं ती पुसतात, तारांच्या खालूनसुद्धा. जवळ गेलात की मग कळतं. हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचा भाग, एकदा मानेपासून तुटलेला, सरस लावून क्लॅम्पमध्ये बसवलेला, जोड केसाएवढा दिसतो. फ्रेट दोनदा पूर्ण बदललेत, नट (मानेच्या टोकाची, तारा टेकवणारी पट्टी) तीनदा, आवाजाच्या बटणांखालचे पॉट किती वेळा ते त्यांनाही आठवत नाही. त्यांच्या लेखी ओरखडा म्हणजे निष्काळजीपणा, आणि झिजलेला फ्रेट म्हणजे रियाझ झाला, आता खर्च करा. ते मूळचे मिरजेकडचे. तिथे तंबोऱ्याच्या घोडीवर तारेची चरी पडली की आवाज मिटतो, मग कारागिराकडे नेऊन जवारी नव्याने करून घ्यायची, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलंय. कारखान्यातून चरी पाडूनच तंबोरा विकला तर, असं मी एकदा गमतीत विचारलं. ते हसले नाहीत.

गणपतीतली गोष्ट सांगायलाच हवी. सातव्या दिवशी मांडवात माइकचा स्टँड आडवा झाला आणि थेट बेसवर आदळला. पोटात गोळाच आला. गाणं चालू होतं, बघता येईना. घरी येऊन झोपलो. सकाळी उजेडात बेस घेऊन बसलो तर माझी खोच कुठली तेच सापडेना! मोबाइलचा टॉर्च लावला, बोटानं चाचपलं. खालच्या शिंगाजवळ एक खोच जरा ताजी वाटते, पण शपथेवर सांगता येणार नाही. अकरा महिन्यांतली माझी एकुलती एक खरी जखम, तीही कंपनीच्या गर्दीत हरवली.

बाकी किरकोळ. आउटपुट जॅकचा नट सैल होऊन आतली वायर तुटली, डाग दिला, काम झालं. व्हॉल्यूमचा पॉट खरखरायचा, काँटॅक्ट क्लीनरच्या दोन फवाऱ्यांत गप्प झाला. हे कुठल्याही बेसला होतं.

तारा मात्र बदलल्या. मूळच्या राउंडवाउंड (खरखरीत गुंडाळीच्या) तारांनी तिसऱ्या आणि पाचव्या फ्रेटवर आत्ताच खुणा पाडायला घेतल्या होत्या, आणि लेव्हलिंगमध्ये फ्रेटची थोडी उंची आधीच गेलेली. आता फ्लॅटवाउंड (सपाट, गुळगुळीत गुंडाळीच्या) आहेत. जुन्या गाण्यांना त्यांचा बोथट ठोका शोभतो, फ्रेटही कमी खातात. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जॅमरसन १९६२ च्या प्रिसिजनवर फ्लॅटवाउंडच वाजवायचा आणि तुटल्याशिवाय बदलायचा नाही म्हणतात. आमच्या वाद्यवृंदाच्या मानधनात हे तत्त्व फार सोयीचं आहे.

घ्यावा का, असं तीन जणांनी विचारलं. तिघांनाही मी सॅटिन (बिनचकाकीच्या) नेकचा साधा बेस घ्यायला सांगितलं. फरकाच्या पैशांत फ्रेट, नट, सेटअप, सगळं होऊन वर एक चांगली केस येते. दोघांनी ऐकलं. तिसऱ्यानं माझाच बेस विकत मागितला आणि मी नाही म्हटलं, आता काय करणार.

आणि घेतलाच तर एक जपा: नायट्रो लॅकर आणि साध्या स्टँडचं रबर यांचं वाकडं आहे. मे महिन्यात चार दिवस स्टँडवर राहिला तर मागे दोन मऊ, काळपट डाग पडले, च्युइंगगम चिकटल्यासारखे. त्यांना कोणी व्हिंटेज म्हणणार नाही. आता स्टँडच्या रबराला आईच्या जुन्या सुती साडीच्या पट्ट्या गुंडाळल्यात. तिनंच फाडून दिल्या. "आहे तेवढा तरी रंग राहू दे," म्हणाली.